आमची फळ्यांची पडदी

मागच्या महिन्यात साताऱ्याहून भाची आली ती हातातला मोबाइल नाचवीतच. मेढ्याच्या बाजूला तिने आणि जावयांनी थोडी जमीन घेतली आहे, तिथे छोटेसे घर बांधायचे चालले आहे. चपला काढायच्या आधीच तिने फोटो माझ्या नाकासमोर धरला. "आत्या, बघ ना! बाहेरून सगळी भिंत लाकडी फळ्यांची. कसलं गोड दिसतंय! आम्हीपण अस्संच करणार. तुमच्या घराला आहे ना तसं. कोणतं लाकूड घेऊ ते सांग."

फोटो परदेशातला होता. घरामागे बर्फ साचलेला होता. मी म्हटले, "अगं बाई, तिथं बर्फ पडतो, आणि तुझ्याकडे चार महिने पाऊस आडवा मारतो. आधी हातपाय धू, चहा घे, मग सांगते."

चहा झाला, पण सांगणे काही तासाभरात आटोपले नाही. कारण आमच्या सांगलीच्या घराची ही फळ्यांची पडदी म्हणजे नुसती भिंत नव्हे. तिच्यापायी मी आयुष्यातली एक मोठी चूक केली आहे, आणि ती चूक सांगितल्याशिवाय लाकडाविषयी काही सांगणे मला जमत नाही.

माझे माहेर साताऱ्याचे. खांब-तुळयांचा जुना वाडा, वर तक्तपोशी, मागची भिंत दगडमातीची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. अख्खा वाडा बोटीसारखा करकरत हलला. सकाळी पाहतो तर मागची दगडी भिंत परसात पसरलेली आणि लाकडी सांगाडा मात्र जागच्या जागी. आम्ही सगळे सुखरूप होतो. तिकडे कोयनानगरला आणि आसपासच्या गावांत मात्र माणसे ढिगाऱ्याखाली गेली. आमची आजी म्हणाली, "लाकूड करकरलं, पण त्यानं आपल्याला सोडलं नाही." पुढे मोठेपणी कळले की त्यात चमत्कार काही नाही. खाचा-कुसवांनी जोडलेले लाकूड धक्क्याबरोबर थोडे हलते आणि परत जागेवर येते. मातीत रचलेल्या जड दगडांना ते जमत नाही.

तर लाकडावर माझी माया होतीच. पण माया असणे वेगळे आणि अक्कल असणे वेगळे!

१९७७ साली लग्न होऊन मी सांगलीत गावभागात आले. घर जुन्या पद्धतीचे. पुढे सोपा, मग माजघर, वर माडी. सोप्याला रस्त्याच्या बाजूने भिंत नव्हती, खांबांच्या मध्ये उभ्या फळ्यांची पडदी होती. चौदा फळ्या, फणसाच्या. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षानुवर्षे उजेड लागला की तांबूस-तपकिरी होत जाते. त्या फळ्या तर जुन्या तांब्याच्या घागरीसारख्या दिसत.

दरवर्षी पाडवा झाला की सासूबाई पदर खोचीत. एक दिवस पडदी साबणाच्या पाण्याने धुवायची, लाकडाच्या रेषेरेषेने, आडवे घासायचे नाही. तीन-चार दिवस चैत्राच्या उन्हात वाळू द्यायची. मग रंगाच्या दुकानातले जवसाचे उकळलेले तेल दोन भाग आणि टर्पेन्टाइन एक भाग असे मिसळून फडक्याने पातळ हात द्यायचा. अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे, नाहीतर चिकट थर बसतो, त्यावर धूळ आणि पावसाळ्यात बुरशी धरते. फळीच्या खालच्या टोकाला मात्र त्या तीन-तीनदा तेल पाजीत. मी विचारले तर म्हणाल्या, "सूनबाई, झाड पाणी कुठून पितं? उभ्या नळ्यांतूनच ना? मेलं तरी सवय जात नाही त्याला."

मला ते सगळे जुनाट वाटे. आजूबाजूच्या घरांना चकचकीत रंग लागत होते आणि आमच्याकडे तेलाचा वास! शेवटी १९८६ साली, सासूबाई महिनाभर नणंदेकडे गेल्या असताना, मी संधी साधली. गणपती जवळ आले होते. रंगारी बोलावला, पिवळसर ऑइल पेंटचे दोन हात मारून घेतले. तो म्हणालाही, "वहिनी, दिवाळीनंतर करू या का? लाकूड ओलं लागतंय." मी ऐकले नाही. गणपतीला आलेल्या बायका "अगं बाई, घर कसं उजळलंय!" म्हणाल्या, आणि मी फुगले.

सासूबाई परत आल्या. दारातच थांबून त्यांनी पडदीवरून हात फिरवला. "छान दिसतंय," एवढेच बोलल्या आणि आत गेल्या. पुढच्या पाडव्याला त्यांनी तेलाचे भांडे काढले नाही. मला वाटले, बरे झाले, त्यांचाही त्रास वाचला. उलट पडदीला लागून मी हौसेने कुंड्यांची रांग मांडली.

आठ वर्षे अशी गेली. १९९४ च्या मे महिन्यात पडदीच्या तळाशी रंगाला फोड आलेले दिसले. सुतारमामांना बोलावले. त्यांनी पटाशीची मूठ फळ्यांवर वाजवत नेली. वर टणटण, खाली भदभद. मग अंगठ्याने नुसते दाबले आणि अंगठा रंगासकट आत गेला. बाहेरून पिवळा धमक रंग आणि आत भुगा! कुंड्यांच्या मागून वाळवीच्या मातीच्या नळ्या वर चढलेल्या. मी खाली बसले.

मामांनी समजावून सांगितले. ओल्या लाकडावर रंगाचे कातडे ओढले, आतली ओल आतच राहिली. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्याने रंगाला केसासारख्या भेगा पडल्या, त्यातून दर पावसाळ्यात पाणी आत जाई, पण बाहेर यायला वाट नसे. तळाच्या टोकांना तर रंग लागलेलाच नव्हता, ती आपली पाणी पीत राहिली. आणि कुंड्यांनी वाळवीला जिना करून दिला. वाळवीला ओल आणि जमिनीशी संबंध लागतो, दोन्ही मी हाताने पुरवले होते.

सासूबाई उंबऱ्यावर उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "श्वास कोंडला गं त्यांचा." मग त्या रडायला लागल्या. सतरा वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते, सासरे गेले तेव्हासुद्धा त्या माणसांदेखत रडल्या नव्हत्या.

रात्री ह्यांनी मला सांगितले ते मला सतरा वर्षे ठाऊक नव्हते. सासूबाईंचे माहेर कोयनाकाठचे. धरण झाले, शिवसागर जलाशयात ते गाव बुडाले. राज्याला वीज मिळाली, पण त्यांचे घर, अंगण, देऊळ, सगळे पाण्याखाली गेले. उठताना लोकांनी कौले, वासे, दारे, जे जे सुटे होईल ते बरोबर नेले. सासूबाईंच्या वडिलांनी माजघराच्या चौदा फळ्या ट्रकमध्ये घालून लेकीकडे सांगलीला आणून टाकल्या. म्हणाले होते, "तुला आता माहेरी यायचं म्हटलं तर जागाच नाही. हे एवढं ठेव."

म्हणजे दर पाडव्याला त्या भिंतीला तेल लावत नव्हत्या. आणि मी त्यांच्या माहेरावर पिवळा रंग फासला होता.

सकाळी मी त्यांच्या पाया पडले. "आई, मला सांगितलं का नाही तुम्ही?" त्या म्हणाल्या, "तुझं घर आहे बाई हे. तुला नवं करावंसं वाटलं. माझं ओझं तुझ्या डोक्यावर कशाला?" मला अजून ठरवता येत नाही, त्यांचे न सांगणे मोठेपणाचे होते की रागाचे. बहुधा दोन्ही असेल. आणि मीही कधी विचारले नव्हतेच, हे खरे.

चौदापैकी पाच फळ्या गेल्याच. उरलेल्या नऊ तळाकडून हातभर कापाव्या लागल्या. मग खाली घडीव दगडांची ओळ बसवून पडदीच हातभर वर उचलली, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे लाकडाला लागणार नाहीत. पाचांच्या जागी जुन्या सागवानाच्या फळ्या आणल्या. त्या वेळी साताऱ्यात माझ्या माहेरचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहत होती आणि भावाने लाकूड विकायला काढले होते. तेव्हा आमच्या पडदीत आता नऊ फळ्या सासूबाईंच्या माहेरच्या आणि पाच माझ्या माहेरच्या आहेत. सासूबाईंनी स्वतः मामांना सांगितले, "हिच्या फळ्या कडेला नको, मध्ये बसवा." लोखंडी खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू घातले. लोखंड ओलीत गंजते आणि गंजाबरोबर भोवतालचे लाकूडही काळे पडून सैल होते. त्या स्क्रूंचा खर्च तेव्हा जिवावर आला होता, पण पुढे त्यांनीच पडदी वाचवली.

२००३ साली सासूबाई गेल्या. २००५ च्या पुरात कृष्णेचे पाणी आमच्या पायरीला लागून परत गेले. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि सोप्यात चार फूट पाणी चढले. आम्ही नातेवाइकांकडे विश्रामबागेत. मला राहून राहून एकच वाटे. कोयना कराडला कृष्णेला मिळते, तेच पाणी पुढे सांगलीला येते. ज्या पाण्याने सासूबाईंचे घर नेले ते आता उरलेल्या फळ्याही न्यायला आले की काय!

परत आलो तेव्हा फळ्या जागेवर होत्या, पण चिखलाने माखलेल्या आणि फुगून एकमेकींना दाबत असलेल्या. मुलगा पुण्याहून आला होता. म्हणाला, "आई, आता काढून टाकू या हे. विटांची भिंत घालू, वरून लाकडासारखी टाइल लावू. कुणाला कळणारपण नाही." त्याचे चुकत नव्हते. पण सुतारमामांचा मुलगा आता त्या धंद्यात आहे, तो म्हणाला, "काकू, घाई नका करू. पूर लाकडाला मारत नाही, पुरानंतरची घाई मारते. ओलं असताना पंखे, हीटर लावले की चिरतं, आणि ओलं असताना झाकलं की कुजतं."

पितळी स्क्रू सुटले. फळ्यांना मागून खडूने नंबर घातले, पाइपच्या पाण्याने चिखल धुतला, आणि माडीवर सावलीत एकीवर एक रचल्या. प्रत्येक दोन फळ्यांत बोटभर जाडीच्या रीपा, म्हणजे चहूकडून हवा खेळते. वर वजन ठेवले, म्हणजे फळी वाकत नाही. त्या वर्षी पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला. संक्रांत उलटल्यावर फळ्या परत बसवल्या. एक चिरली, बाकी तेरा शाबूत. चिरलेलीला मागून पट्टी मारली.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पुराची बातमी आली तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. पुलाजवळचा आकडा ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून वर चढू लागताच पडदीच उतरवली आणि माडीवर नेली. दोन माणसे, दोन तास. ह्यांनी शेजाऱ्यांना सांगितले, "भिंत माडीवर झोपायला गेलीय!"

हे सगळे ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे आत्या, मी लाकूड लावू की नको?"

मैत्रिणींनो, तिला जे सांगितले तेच इथे देते. कुणाला उपयोग झाला तर होईल.

पहिली गोष्ट पावसाची. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि माण-खटावकडे पाचशेच्या आसपास. तेव्हा साताऱ्यात चालले म्हणून मेढ्याला चालेल असे नाही. महाबळेश्वरकडची माणसे पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना गवताच्या झड्या बांधत, आता प्लॅस्टिकचे कागद बांधतात. ती काही हौस नव्हे. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत पावसाचा मारा खाते, तिथे लाकूड लावूच नये. तिथे दगड, वीट, नाहीतर हल्ली सिमेंटच्या फळ्या मिळतात त्या लावाव्या. लाकूड पूर्वेला, ओसरीच्या आत, जिथे छप्पर चांगले दोन-अडीच फूट पुढे आलेले असेल तिथे. मोठी वळचण हे कोणत्याही तेलापेक्षा चांगले औषध आहे.

लाकूड सागवानाचे किंवा जुन्या फणसाचे, आणि गाभ्याचे. फळीच्या कडेला पांढुरका पट्टा दिसला तर तो झाडाचा बाहेरचा भाग, कीड आणि बुरशी तिथूनच सुरू होते. आंब्याचे, चिडाचे लाकूड स्वस्त पडते, पण उघड्यावर त्याचा भरवसा नाही. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान मिळाले तर सोडू नये, ते पुरते वाळलेले असते. मात्र त्यात मोडके खिळे आणि किडीची बारीक भोके आहेत का ते बघून घ्यावे. भोकातून ताजा भुसा पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे.

नवे लाकूड वाळले की नाही हे दुकानदाराला विचारू नये, तो "एकदम कोरडं" म्हणणारच! एक छोटा तुकडा घरी आणावा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा, हवेशीर जागी ठेवून दर आठवड्याला पुन्हा तोलावा. वजन उतरत असेल तोवर लाकूड ओले आहे. दोन-तीन आठवडे वजन तेच राहिले की समजावे.

फळ्या थेट भिंतीला चिकटवू नयेत. आधी भिंतीला उभ्या रीपा माराव्या, त्यावर फळ्या आडव्या आणि कौलांसारख्या, वरची फळी खालचीवर थोडी चढवून. मागे बोटभर फट राहिली की आत गेलेली ओल वाऱ्याने सुकते. त्या फटीला वर-खाली बारीक जाळी लावावी, नाहीतर गांधीलमाश्या संसार थाटतात. जमिनीपासून निदान हातभर अंतर. कापलेली टोके आधी तेल पाजून मगच बसवावी. आणि पडदीला कुंड्या, सरपण, जुनी पायपुसणी टेकवू नयेत. हे माझ्यासारखीने सांगितले तर ऐका!

वाळवी-किडीसाठी आमचा सुतार बसवण्याआधी एक पाणी लावतो. एक वाटी बोरिक पावडर आणि दीड वाटी टाकणखार पाच-सहा लिटर गरम पाण्यात विरघळवून दोन-तीनदा ब्रशने द्यायचे. भांडे स्वयंपाकातले घेऊ नये, मुलांपासून दूर ठेवावे. हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून पूर्ण सुकल्यावर वरून तेल हवेच. पूर्वी वाळवीवर आल्ड्रिन सर्रास ओतत, आता त्यावर बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो वापरू नका.

तेल कधी लावायचे हे कळायला सोपी परीक्षा आहे. पडदीवर पाण्याचे चार थेंब उडवावे. मोत्यासारखे उभे राहिले तर ठीक. पसरून डाग काळा पडला तर लाकडाला तहान लागली आहे. आणि एक फार महत्त्वाचे. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल सुकताना तापते, आणि बोळ्यातली उष्णता बाहेर न पडल्याने आपोआप पेट घेऊ शकते. फडकी अंगणात पसरून कडक वाळू द्यावी किंवा पाण्यात बुडवावी.

भाचीने सगळे मोबाइलवर टिपून घेतले. मग म्हणाली, "दरवर्षी दोन-तीन दिवस यात घालवायचे म्हणजे जरा..." मी म्हटले, "हो, घालवायचे. नाही जमणार वाटलं तर नको लावू, त्यात कमीपणा नाही. लाकूड लावून विसरून जायचं, हे मात्र करू नकोस."

शेवटी तिचे ठरले. पश्चिमेला दगड, आणि पूर्वेच्या ओसरीत तेवढी एक भिंत फळ्यांची.

जाताना मी तिला देवघरातला एक पाट दिला. १९९४ साली कुजलेल्या पाच फळ्यांच्या वरच्या चांगल्या भागातून सासूबाईंनी मामांकडून दोन पाट करून घेतले होते. एक माझ्याकडे ठेवला आहे. भाचीने पाट उलटा करून पाहिला. खालच्या बाजूला एका कोपऱ्यात पिवळ्या रंगाची नखाएवढी खूण अजून आहे.

"हे खरवडून टाकू का गं आत्या?"

"राहू दे," मी म्हटले. "फक्त पाडव्याला तेल लाव."